सायकलची फ्रेम : वारा, वजन आणि आपला निधी

(मंडळाच्या शैक्षणिक मदतनिधी कार्यक्रमात पूर्व प्रांतातील सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



 माझ्यानंतर गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि त्यानंतर जेवण आहे, हे मला ठाऊक आहे. स्वयंपाकघराकडून येणारा वास मलाही येतोय. त्यामुळे वीस मिनिटांत आवरतो.

मला आज सायकलवर बोलायला का उभं केलंय ते आधी सांगतो. मी जुबैलला इन्स्पेक्शनमध्ये आहे. पाइप, टाक्या, वेल्डिंग कुठे गंजलं, कुठे तडा गेला, हे बघण्यात माझी एकवीस वर्षं गेली. गेल्या वर्षी आपण मराठवाड्यातल्या दोन शाळांमधल्या मुलींना सायकली दिल्या. फोटो छान आले, आपल्या अंकातही छापले. आठ महिन्यांनी तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन आला. ते बिचारे फारच संकोचून बोलत होते. म्हणाले, “साहेब, तक्रार नाही, पण सहा-सात सायकली मोडल्यात. आणि सगळ्या एकाच जागी मोडल्यात.” त्यांनी फोटो पाठवले. अध्यक्षांनी ते मला पुढे पाठवले आणि खाली लिहिलं, “हे तुमचं खातं.”

या वर्षी पुन्हा सायकलीच द्यायच्या, असं ठरलंय. कोणत्या द्यायच्या यावर मात्र कार्यकारिणीत दोन तट पडले. एकजण म्हणाले, आता नव्या जमान्याच्या सायकली घेऊ, मधली नळी वाकवलेली, चपटी, दिसायला रुबाबदार, वाऱ्याला कापत जाणारी. दुसरे म्हणाले, आपली जुनी काळी सायकलच बरी, दूधवाला चालवतो ती. वाद रंगला. शेवटी दोघेही माझ्याकडे वळले. तेव्हा आजचं हे भाषण म्हणजे एका अर्थी तपासणीचा अहवालच आहे, फक्त शिक्का नाही.

आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांनी भाड्याची सायकल चालवली असेल. तासावर मिळायची. सीटवर बसलं की पाय पुरायचे नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचं. ज्या भोकातून आपण पाय घालायचो, तो सायकलच्या फ्रेमचा मोठा त्रिकोण. वरची दांडी, सीटखालची उभी नळी आणि हँडलपासून पायडलकडे उतरणारी तिरकी नळी. अगदी काटेकोर बोलायचं तर हँडलपाशी एक छोटी चौथी नळी असते, पण त्रिकोण म्हटलेलं चालतं. त्याच्या मागे, चाकाला धरून ठेवणारा दुसरा त्रिकोण. हे दोन त्रिकोण मिळून जी आकृती होते तिला इंग्रजीत डायमंड म्हणतात, आपण पतंग म्हणू.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्ली नावाच्या गृहस्थाने १८८५ साली ‘रोव्हर’ नावाची सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन. त्याच्या आधी ते उंच पुढचं चाक असलेलं प्रकरण होतं, त्यावरून माणूस तोंडावर पडायचा. रोव्हरनंतर पाच-सात वर्षांत फ्रेमने हा पतंगाचा आकार धरला आणि आज सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तो बदललेला नाही. मोटारी बदलल्या, विमानं बदलली, टेलिफोन तर ओळखू येत नाही. सायकलची फ्रेम मात्र तीच. सायकल बनवणारे काही आळशी नाहीत. मग कारण काय?

कारण त्रिकोण. चार काड्या खिळ्यांनी जोडून चौकोन करा आणि कोपऱ्यातून दाबा, तो कलंडतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून बघा, काडी मोडेपर्यंत तो हलत नाही. त्रिकोणात प्रत्येक नळी एकतर दाबली जाते किंवा ताणली जाते, वाकवली जात नाही. धातूची बारीक नळी दाब आणि ताण उत्तम सोसते, वाकणं तिला सोसत नाही. घराच्या पत्र्याखालची कैची बघा, रेल्वेचा पूल बघा, तोच हिशोब. एवढ्या कमी वजनात एवढा भार उचलणारी दुसरी रचना शोधणं सोपं नाही.

म्हणून आपल्याकडची ती वीस-बावीस किलोची काळी सायकल काय काय वाहते बघा. मुंबईचे डबेवाले डब्यांच्या पिशव्या आणि क्रेट लादून तिच्यावर फिरतात. गोव्यात सकाळी पाव घेऊन पोदेर तिच्यावरच येतो. गॅसचा सिलिंडर, दुधाचे कॅन, कडब्याची पेंढी, बायको आणि दोन पोरं. आणि इथे, आपल्या खोबर-दमामच्या गल्ल्यांत, बकालावाला पोऱ्या पाण्याच्या बाटल्या लटकवून उलट्या दिशेने येतो तेव्हा आपण हॉर्न मारतो, पण त्याच्या सायकलकडे कधी नीट बघत नाही. बघा एकदा. बनावट चिनी असेल, पण आकार तोच पतंग.

आता दुसऱ्या बाजूची कथा. हा आकार मोडायचा प्रयत्न लोकांनी केलाच नाही असं नाही. उलट सायकलच्या इतिहासातली सगळ्यात मजेदार माणसं तीच आहेत.

मिकाएल पेडरसन नावाचा एक डेन्मार्कचा माणूस इंग्लंडमध्ये डर्स्ली गावी राहायचा. त्याला सीट टोचायची. त्याने १८९३ मध्ये पेटंट घेतलं ते झोळीसारख्या सीटचं आणि ती झोळी टांगायला बारीक नळ्यांच्या एकवीस त्रिकोणांच्या एका फ्रेमचं. म्हणजे त्याने पतंग सोडला, पण त्रिकोण सोडला नाही. शहाणा माणूस.

नंतर फ्रान्समध्ये शार्ल मोशेने पाय पुढे करून, आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायची सायकल केली. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या खेळाडूने, जो काही त्या काळचा पहिल्या रांगेतला नव्हता, तीवर बसून एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर तोडलं. १९१४ पासून टिकलेला विक्रम मोडला. झालं, गदारोळ उठला. ही सायकलच नव्हे, असं म्हणून आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३४ मध्ये अशा सायकलींना शर्यतीतून बाद केलं. आजतागायत त्या बादच आहेत.

त्यानंतरची गोष्ट आपल्या डोळ्यांदेखतची. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ख्रिस बोर्डमनने एक काळी, नळ्याच नसलेली सायकल आणली. अख्खी फ्रेम कार्बन फायबरच्या एकाच तुकड्यात घडवलेली, विमानाच्या पंखासारखी. पुढचं चाक दोन बाजूंनी चिमट्यात धरलेलं नव्हतं, एकाच बाजूने धरलेलं होतं. माइक बरोज या इंग्रज कारागिराच्या डोक्यातून ती निघाली आणि लोटस या मोटार कंपनीने ती पुरी केली. चार हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत दोघे खेळाडू ट्रॅकच्या विरुद्ध बाजूंनी सुटतात. बोर्डमनने समोरच्या जगज्जेत्याला मागून जाऊन गाठलं. सगळं जग त्या सायकलबद्दल बोलायला लागलं.

पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने घरी स्वतः जोडलेल्या सायकलवर, नॉर्वेमध्ये, तासाला ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला. त्या सायकलमध्ये धुलाईच्या मशीनचं बेअरिंग होतं! वरची दांडी त्याने काढूनच टाकली होती, कारण त्याला गुडघे एकमेकांना चिकटवून पायडल मारायचं होतं. छाती हातांवर टेकवून तो अंड्यासारखा गोळा होऊन बसायचा. सहाच दिवसांनी बोर्डमनने तो विक्रम मोडला. ओब्रीने पुढच्या वर्षी परत घेतला. आपल्याकडे भाऊबंदकीत जमिनीचे दावे चालतात तसं चाललं होतं ते.

यातला एक आकडा मला फार बोलका वाटतो. १९९६ मध्ये बोर्डमनने हात पुढे ताणून, सुपरमॅनसारखा आडवा होऊन, एका तासात ५६.३७५ किलोमीटर कापले. मग संघटनेने नियम आवळले. फ्रेम त्रिकोणीच हवी, नळ्यांची माया इतकीच हवी वगैरे. १९९६ च्या लुगानो सनदेत हे लिहिलं गेलं आणि २००० पासून अमलात आलं. तासाच्या विक्रमासाठी तर आणखी कडक अट घातली : १९७२ मध्ये एडी मर्क्सने चालवली तशी गोल नळ्यांची साधी सायकल. त्याच बोर्डमनने २००० साली तशा सायकलवर प्रयत्न केला. किती झालं? ४९.४४१. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त.

तोच माणूस. चार वर्षांनी वय वाढलं होतं हे मान्य, पण सात किलोमीटरचा फरक वयाने पडत नाही. तो वाऱ्याने पडला.

आता इथे नीट ऐका, कारण आपले नव्या जमान्याच्या बाजूचे सभासद इथे टाळ्या वाजवतील. तो फरक पडला कशाने? सायकलच्या फ्रेमने की बसण्याने? सपाट रस्त्यावर वेगात जाताना सायकलस्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. त्या वाऱ्यातला साधारण तीन-चतुर्थांश वाटा अडवतो तो माणसाचा देह. उरलेल्यात चाकं, हँडल, चिमटा आणि फ्रेम. म्हणजे एकट्या फ्रेमच्या वाट्याला दहावा हिस्सा आला तरी पुष्कळ. ओब्रीचं मोठेपण त्याच्या नळ्यांत नव्हतं, त्याच्या गोळा होऊन बसण्यात होतं. फ्रेम त्याने बदलली ती तसं बसता यावं म्हणून. लोटसचंही बरंचसं श्रेय बोर्डमनच्या पसरलेल्या हातांना आणि सपाट पाठीला जातं.

नळीचा आकार महत्त्वाचा नाही असं मी म्हणत नाही. गोल नळी आणि त्याच जाडीची माशाच्या आकाराची नळी घेतली, तर गोल नळी सुमारे दहापट वारा अडवते. गोल नळीच्या मागे वारा भोवऱ्यात फिरत राहतो आणि नळीला मागे ओढतो. पण याचा फायदा दिसायला वेग लागतो. वेग दुप्पट झाला की वाऱ्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. उलटं वाचा : वेग निम्मा केला की ती एक-अष्टमांश होते.

आता आपल्या मुलीचा हिशोब करू. मी बायकोच्या किराणा यादीच्या मागे केला, अंदाजाचा आहे. मुलगी चाळीस किलोची, सायकल वीस, दप्तर पाच. कच्चा रस्ता, वेग ताशी बारा किलोमीटर. टायर आणि रस्ता यांच्या झटापटीत जातात सुमारे तीस वॅट. वाऱ्यात जातात दहा. त्या दहातला फ्रेमचा वाटा एक. म्हणजे ती रुबाबदार चपटी फ्रेम अगदी जादूची निघाली, तरी वाचेल एक वॅट. टायरमध्ये हवा कमी असली तर याच्या कितीतरी पट ताकद वाया जाते. तेव्हा वारा कापणाऱ्या फ्रेमपेक्षा शाळेत एक उभा हवेचा पंप दिला तर मुलींचे पाय जास्त वाचतील. माझ्या अहवालातली ही पहिली शिफारस आहे, आणि सगळ्यात स्वस्त.

समोरून वारा असला तर? हा प्रश्न आमच्या चिरंजीवांनी विचारला. बरोबर आहे. इथे उन्हाळ्यात शमाल सुटला की जुबैलच्या कॉर्निशवर उत्तरेकडे सायकल हाणणं म्हणजे काय ते मी जाणतो. ताशी पंधराचा वारा समोरून आला तर त्या मुलीचे दहा वॅट पन्नासाच्या घरात जातात. पण तिथेही फ्रेमने वाचणार चार-पाच, आणि हँडलवर थोडं वाकून बसलं तर त्याहून जास्त. शिवाय वारा समोरून येतो कुठे? तिरका येतो. अल-उलाला दर हिवाळ्यात शर्यत होते, २०२० मध्ये ‘सौदी टूर’ म्हणून सुरू झाली आणि २०२४ पासून ‘अल-उला टूर’ म्हणून. तिथे वाळवंटातला आडवा वारा सुटला की जगातले तयार खेळाडूसुद्धा रस्त्याच्या कडेपर्यंत तिरकी रांग लावून एकमेकांच्या आडोशाला जातात. आडव्या वाऱ्यात उंच, पसरट भाग शिडासारखं काम करतात. खेळाडू सांभाळतो. पाठीवर दप्तर आणि शेजारून एसटी जात असताना आठवीतल्या मुलीने ते सांभाळावं, ही अपेक्षा मी करणार नाही.

आपल्या माणसांकडे बघितलं तरी हेच दिसतं. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी करणारे पहिले भारतीय पथक ठरले. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. २०१७ मध्ये नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली, आणि २०१८ मध्ये रशियात मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची नऊ हजारांवर किलोमीटरची. असा माणूस सायकल निवडताना वारा बघतोच, पण त्याच्या जोडीला पाठ, मान आणि बूड शाबूत राहील का हेही बघतो. जी सायकल तासभर सर्वांत वेगवान, ती दहा दिवस सर्वांत वेगवान असेलच असं नाही.

वाऱ्याचं इथे पुरे. आता माझ्या धंद्याचा भाग, मोडणं.

सायकल एका धक्क्याने क्वचित मोडते. ती मोडते सवयीने. प्रत्येक पायडल मारताना फ्रेम केसभर वाकते आणि सरळ होते. स्टीलची तार आपण पुढेमागे वाकवून तोडतो, तसंच, फक्त लाखो वेळा आणि अगदी थोडंथोडं. याला थकवा म्हणतात, आणि धातूलाही तो येतो. स्टीलचा एक चांगला गुण : ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कायम चालतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण लहान असला तरी केव्हातरी तडा येणारच. म्हणून चांगला कारागीर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जाड आणि फुगीर ठेवतो, म्हणजे ताणच कमी पडेल. पण स्टीलची ती मर्यादाही कोरड्या हवेतली. खाऱ्या हवेत गंज आणि थकवा हातात हात घालून येतात आणि मर्यादा नाहीशी होते. जुबैलमध्ये हे रोज बघतो. स्टीलची सायकल बाहेरून चकचकीत, आणि पायडलपाशी नळीच्या आत पाणी साचून चाळण झालेली. मराठवाड्याची हवा त्या मानाने कोरडी, ही आपली जमेची बाजू.

माझ्या स्वतःच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलला दोन वर्षांपूर्वी आवाज यायला लागला. दुकानदार म्हणाला, चेनला तेल घाला. मी घातलं. आवाज गेला नाही. मग एका सुटीच्या दिवशी, आम्ही वेल्डिंग तपासायला जे लाल द्रव्य लावतो ते लावलं, पुसलं, वरून पांढरी पावडर फवारली. सीटच्या नळीच्या वेल्डपाशी केसासारखी लाल रेघ उमटली, निम्म्या नळीला वळसा घालून. घरच्यांनी विचारलं, हे काय कुंकू लावलंय सायकलला? मी म्हटलं, हिची पाठवणी करायची आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. दोष सांधणाऱ्याचा होता, धातूचा नव्हे.

हे मी मनाने सांगत नाही. जर्मनीतल्या ‘टूर’ नावाच्या मासिकाने १९९७ मध्ये बारा महागड्या फ्रेम घेतल्या आणि यंत्रावर पायडलचा दाब देत देत थकवून बघितल्या. शेवटपर्यंत टिकल्या फक्त तीन, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. स्टीलच्या सगळ्या मोडल्या! पण याचा अर्थ स्टील वाईट असा घेऊ नका. त्या स्टीलच्या फ्रेम वजन कमी करण्याच्या हट्टापायी कागदासारख्या पातळ नळ्यांच्या होत्या. आपल्या काळ्या सायकलची नळी जाड असते, म्हणून ती जड असते, म्हणून ती टिकते. टिकाऊपणा धातूच्या नावात नसतो. तो असतो नळीची जाडी, सांध्याचा आकार आणि सांधणाऱ्याचा हात यांत.

कार्बनचं थोडक्यात सांगतो. पायडलच्या थकव्याला तो उत्तम. पण दगडाचा अचानक ठोका बसला की आतले थर सुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. धातू आधी कुरकुरतो, कार्बन एकदम बोलतो. गावात तो दुरुस्त कोण करणार? टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स पोर्टरचं हँडल भर शर्यतीत तुटून हातात आलं आणि तो तोंडावर पडला. ते तर धातूचं होतं, आणि जगातल्या सर्वांत महागड्या सामानापैकी. वजन आणि वारा यांच्यामागे धावताना मधली माया किती उरते ते यावरून बघा.

बांबूचं मात्र मला कौतुक आहे. पुण्यात शशिशेखर पाठक या पूर्वीच्या वैमानिकाने बांबूच्या फ्रेमच्या सायकली केल्या, ‘बांबूची’ या नावाने. हा आपला नवा वेडेपणा नव्हे, इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकातही बांबूच्या सायकली निघाल्या होत्या. बांबूचे धागे लांबीच्या दिशेने असतात, दाब आणि ताण तो छान घेतो, खड्ड्यांचे हादरे गिळतो. पतंगाच्या आकाराला तो अगदी जावई शोभावा तसा शोभतो. त्याचं दुखणं दोन ठिकाणी : नळी उभी चिरते, आणि सांधे. सांधे राळेत भिजवलेल्या धाग्याने गुंडाळावे लागतात, ते हातचं काम आहे आणि वेळखाऊ. पाच-पंचवीस सायकली हौसेने होतील. शाळेला पुरवायला जमणार नाही.

आता त्या मोडलेल्या सहा-सात सायकलींकडे येतो. फोटो बघितला आणि मला लगेच कळलं. त्या सगळ्या लेडीज सायकली होत्या.

लेडीज सायकलमध्ये वरची दांडी खाली आणलेली असते, सलवार किंवा साडी नेसून चढता यावं म्हणून. पण दांडी खाली आली की मोठा त्रिकोण गेला. पुढच्या दोन नळ्या जवळजवळ समांतर धावतात, आणि वरची नळी सीटच्या नळीला मध्यावर येऊन भिडते. सीटवरचं वजन, खड्ड्यातला दणका, आता त्या उभ्या नळीला मध्यावर वाकवतो. मी मघाशी म्हटलं ना, नळीला वाकणं सोसत नाही. त्यात आपल्या पोरी एकटी थोडीच जातात. मैत्रीण कॅरिअरवर डबल सीट, आणि तिच्या मांडीवर दोघींची दप्तरं. नळी पातळ, सांधा घाईने केलेला. सगळ्या फ्रेम तिथेच, त्या मधल्या सांध्याच्या वर तडकल्या.

म्हणजे आपण ज्या सायकलला जुनी, पारंपरिक समजून दिली, ती खरं तर पतंगाचा आकार मोडलेलीच सायकल होती. आणि आपली निवड किमतीवर झाली होती. त्या बैठकीला मीही होतो, मीही हात वर केला होता.

मग मुलींना मधल्या दांडीची पुरुषी सायकल द्यायची? काही मुली आनंदाने चालवतील. पण सगळ्यांच्या घरी ते चालणार नाही, आणि मोठ्या दांडीवरून उतरताना पडण्याची भीती खरी आहे. यावर फ्रेंचांनी फार पूर्वी तोड काढलीय. तिला मिक्स्ट म्हणतात. वरच्या एका जाड नळीऐवजी दोन बारीक नळ्या घ्यायच्या, हँडलपासून तिरक्या खाली आणायच्या, सीटच्या नळीच्या दोन्ही बाजूंनी घासून पुढे न्यायच्या आणि थेट मागच्या चाकाच्या अक्षाला जोडायच्या. चढायला लेडीज सायकलइतकी सोपी नाही, पण जवळपास. आणि बळ सरळ रेषेत मागे जातं, मध्येच नळीला कोपर मारत नाही. त्रिकोण परत आला!

भारतात अशी फ्रेम हव्या तेवढ्या संख्येने मिळतेच असं नाही, म्हणून मी दुसरा पर्यायही बघितला : जाड नळीची लेडीज फ्रेम, जिला त्या मधल्या सांध्यापासून मागच्या अक्षापर्यंत जादा आधाराच्या दोन नळ्या जोडलेल्या आहेत. काम तेच होतं. कॅरिअर मात्र अक्षावर टेकणारा हवा, सीटच्या नळीला लटकलेला नको. आणि मडगार्ड व टायर यांच्यामध्ये बोटभर नाही, दोन बोटं जागा हवी. पावसाळ्यात काळी माती तिथे अशी बसते की चाक फिरत नाही. हे मला मुख्याध्यापकांनी सांगितलं, माझ्या पुस्तकात ते नव्हतं.

एवढा कीस का काढायचा, असं कुणी म्हणेल. मोडली तर दुसरी देऊ. मंडळी, सायकल मोडली की मुलगी शाळेत जायची थांबते. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुलगे-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं. आणि वाढ सर्वांत जास्त कुठे? शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथे. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, २०२२ मध्ये ती रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. पण ही मदत ठरावीक तालुक्यांपुरती आहे. आपल्या दोन शाळांपैकी एक त्या यादीबाहेर पडते.

आपण ज्या देशात राहतो तिथली गोष्ट सांगतो. हैफा अल-मन्सूर यांचा २०१२ चा ‘वजदा’ हा सिनेमा पुष्कळांनी पाहिला असेल. रियाधमधली एक शाळकरी मुलगी, आणि तिला हवी असलेली एक हिरवी सायकल. तेव्हा मुलीने इथे रस्त्यावर सायकल चालवणं हा विषयच नव्हता. २०१३ मध्ये बागांमध्ये वगैरे, सोबत कुणी असेल तर, परवानगी मिळाली. आज खोबरच्या कॉर्निशवर संध्याकाळी मुली सायकली चालवताना दिसतात, आणि रियाधमध्ये १३५ किलोमीटरच्या स्पोर्ट्स बुलेवार्डचा पहिला टप्पा २०२५ मध्ये खुला झाला. आमच्या हिने हा सिनेमा पाहिल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, की ती सायकल लेडीज होती का? मी तेव्हा हसलो होतो.

आता पैशाचं. इथे निधी गोळा करण्याचे नियम कडक आहेत आणि ते आपण पाळतो. सभागृहात रोख रक्कम घेतली जाणार नाही, कृपया खजिनदारांच्या खिशात काही कोंबू नका. प्रत्येकाने आपल्या भारतातल्या खात्यातून शाळेच्या खात्यात थेट पाठवायचे आहेत, तपशील पुस्तिकेच्या मागच्या पानावर आहे. मजबूत फ्रेमची सायकल गेल्या वर्षीच्या सायकलपेक्षा महाग पडते. तेवढ्याच पैशांत कमी सायकली येतील, फोटोत रांग लहान दिसेल. माझी शिफारस अशी की कमी घ्याव्यात. आणि प्रत्येक सायकलमागे थोडी रक्कम गावातल्या सायकल दुकानदाराकडे जमा ठेवावी, वर्षातून दोनदा तपासणीसाठी. तो चाकाचा आऊट काढेल, छर्रे बदलेल आणि त्या मधल्या सांध्यावरून कपडा फिरवेल. तडा असला तर कपड्याचा धागा अडकतो. त्याला लाल द्रव्य लागत नाही.

गेल्या वर्षीच्या मोडक्या सायकलींचं काय, हाही प्रश्न आहे. त्यातल्या चार गावातच आधाराच्या नळ्या जोडून नीट होतील, तिथल्या वेल्डरला मी फोनवर चित्र काढून समजावलंय. दोन जोडण्यापलीकडे गेल्यात, त्यांची चाकं सुट्या भागांसाठी ठेवू.

नमुन्यादाखल दोन सायकली मागे दाराजवळ उभ्या केल्यात. एक साधी लेडीज, एक आधाराच्या नळ्यांची. दोन्हींचं हँडल धरून सीट आडवी ढकलून बघा, फरक हाताला कळेल. कॅरिअरवर बसून बघायचं असेल तर बसा, पण एका वेळी एकानेच, आणि शक्यतो जेवणाच्या आधी.